एका जीबीचा भाव कोण ठरवतो?

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड तरुणाईने फुलून जातो. गणेश मंदिरात दर्शन, मग रस्त्यावर मित्रमंडळींची भेट आणि त्या भेटीची छायाचित्रे हा तेथील अनेक वर्षांचा रिवाज आहे. पूर्वी दहाजणांच्या घोळक्यात एखाद्याकडे कॅमेरा असे. आता प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि त्यातले बरेचसे फोन त्याच आठवड्यात घेतलेले असतात. मानपाडा रोड असो, ठाण्याचा गोखले रोड असो वा कल्याणचा स्टेशन परिसर, मोबाईलच्या दुकानातील संभाषण साधारण सारख्याच वळणाने जाते. कंपनी ठरलेली असते, मॉडेल ठरलेले असते, रंगावरून घरात झालेला वादही मिटलेला असतो. मग विक्रेता विचारतो, ‘दोनशे छप्पन की पाचशे बारा?’ आणि इथे ग्राहक अडखळतो. या एका उत्तराने बिल वीस हजारांनी वाढू शकते आणि ते कोणत्या हिशेबाने द्यावे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

महागड्या फोनच्या किमती अवास्तव आहेत, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तिच्यात दोन वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. मुळात फोनच महाग आहे, ही एक. तोच फोन थोड्या अधिक साठवणक्षमतेसह घेताना मोजावी लागणारी जादा रक्कम अवाजवी आहे, ही दुसरी. दोन्हींची उत्तरे सारखी नाहीत.

आधी मूळ फोनचा विचार करू. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ ची भारतातील किंमत १२८ जीबीसाठी ७९,९०० रुपये होती. मोबाईलवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला. तो बाजूला काढला तर या किमतीतील सुमारे १२,२०० रुपये सरकारजमा होतात आणि ६७,७०० रुपये उरतात. अमेरिकेत याच फोनची किंमत ७९९ डॉलर, तीही स्थानिक विक्रीकर वगळून, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ६६,३०० रुपये. ‘अमेरिकेत केवढा स्वस्त मिळतो!’ हे परदेशी भाच्याच्या भरवशावर केले जाणारे विधान निदान या मॉडेलपुरते कराच्या रकमेवरच उभे होते.

त्याच वर्षीच्या ‘प्रो’ची गोष्ट निराळी. अमेरिकेत ९९९ डॉलर, म्हणजे सुमारे ८३ हजार रुपये. भारतात १,३४,९०० आणि कर वजा करून १,१४,३०० रुपये. हा फोन तेव्हा आयात होत असे आणि आयातीवर २० टक्के सीमाशुल्क व त्यावर अधिभार होता. अमेरिकेतील पूर्ण किमतीवर शुल्क आकारले असे धरले तरीही एकतीस हजारांच्या फरकातील सुमारे अठरा हजारांचाच खुलासा होतो. पुढे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ टक्क्यांवर आले, त्याच वर्षी ‘प्रो’ची जुळणी भारतात सुरू झाली आणि आयफोन १६ प्रो १,१९,९०० रुपयांना आला. फरक घटला, मिटला मात्र नाही. भारतात ‘प्रो’ घेणारा वर्ग एवढी रक्कम मोजतो, हे कंपनीने ओळखलेले आहे.

तरीही मूळ किमतीला ‘लूट’ म्हणताना थोडे थांबावे लागते. सप्टेंबर २०२४ अखेर संपलेल्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलचा वस्तूंच्या विक्रीवरील ढोबळ नफा सुमारे ३७ टक्के होता. संशोधन, जाहिरात व प्रशासन यांचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. प्रोसेसर, कॅमेरा, पडदा यांच्या किमती आहेत. शिवाय फोन विकल्यानंतरही काही खर्च चालू राहतो. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ पासून सात वर्षे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याची हमी दिली आहे. नफा भरघोस आहे, पण तो कशावर मिळतो ते दाखवता तरी येते.

साठवणक्षमतेबाबत असे दाखवणे कठीण जाते. फोनमधील माहिती ज्या चिपमध्ये राहते तिला ‘नँड फ्लॅश’ म्हणतात. तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी ही रचना १९८७ मध्ये मांडली. आज जगात मोजक्याच कंपन्या ती मोठ्या प्रमाणावर बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क ही त्यातली प्रमुख नावे. नखाएवढ्या त्या चिपमध्ये स्मृतिपेशींचे थर एकावर एक रचलेले असतात. आयफोन १७ चे २५६ आणि ५१२ जीबीचे दोन फोन शेजारी ठेवले, तर पडदा, कॅमेरा, प्रोसेसर, बॅटरी सारे समान. फरक त्या एका चिपचा. (काही अँड्रॉइड फोनमध्ये साठवणक्षमतेबरोबर ‘रॅम’ही वाढते. तिथे तुलना करताना तो भाग वजा केला पाहिजे.)

या एका चिपचा भाव कसा लावला जातो, हे पाहायला थोडे मागे गेले पाहिजे. २२ ऑगस्ट २००८ रोजी आयफोन थ्रीजी भारतात आला, तेव्हा ८ जीबीचा फोन ३१,००० रुपयांना आणि १६ जीबीचा ३६,१०० रुपयांना मिळे. आठ जीबीला ५,१०० रुपये म्हणजे जीबीमागे ६३७ रुपये. २०१४ च्या आयफोन ६ मध्ये १६ वरून ६४ जीबीवर जाण्यास ९,००० रुपये लागत. जीबीमागे १८७ रुपये. २०२३ च्या आयफोन १५ मध्ये १२८ वरून २५६ जीबीसाठी १०,००० रुपये, म्हणजे जीबीमागे ७८ रुपये. पंधरा वर्षांत भाव एक अष्टमांश झाला, असे कंपनी म्हणू शकेल. परंतु फ्लॅश मेमरीची बाजारातील किंमत याच काळात त्याहून कितीतरी वेगाने कोसळली. २०२३ मध्ये संगणकासाठीचे एक टीबीचे चांगले ‘एसएसडी’ पाच हजार रुपयांच्या आसपास मिळत होते. चिप, नियंत्रक, वेष्टन, कर आणि दुकानदाराचा नफा धरून जीबीमागे पाच रुपये. ज्या वस्तूचा किरकोळ बाजारात भाव पाच रुपये, तीच फोनच्या आत शिरताच ७८ रुपयांची होत होती. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्रात हा भाव त्याच्या निम्मा, ३९ रुपये होता. तोही आठपट.

अमेरिकेतही चित्र हेच आहे. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये चार जीबी अधिक हवे असतील तर शंभर डॉलर लागत. २०२३ मध्ये १२८ जीबी अधिक हवे असतील तरी शंभर डॉलरच. म्हणजे पायरीची उंची शंभर डॉलर हे आधी ठरते आणि तिच्यात किती जीबी भरायचे ते मागाहून.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर कंपनीनेच नकळत हिशेबाची वही उघडली. आयफोन १७ मधून १२८ जीबीचा पर्याय काढून टाकला गेला आणि २५६ जीबीचा फोन ८२,९०० रुपयांना आला. आदल्या वर्षीचा १२८ जीबीचा आयफोन १६ सुरुवातीला ७९,९०० रुपयांना होता आणि त्याच्या २५६ जीबीसाठी ८९,९०० मोजावे लागत. ज्या १२८ जीबीला वर्षभरापूर्वी दहा हजार रुपये पडत होते, ते अधिक चांगल्या पडद्यासह तीन हजारांच्या वाढीत मिळाले. चिप एका वर्षात एवढी स्वस्त झाली नव्हती. सॅमसंगचा दाखला याहून स्पष्ट आहे. जानेवारी २०२५ मध्ये गॅलेक्सी एस २५ अल्ट्राच्या २५६ व ५१२ जीबी आवृत्त्यांत बारा हजार रुपयांचे अंतर ठेवले गेले आणि आगाऊ नोंदणी करणाऱ्यांना ते अंतर माफ करण्यात आले. बारा हजारांची वस्तू फुकट देणे परवडते, तेव्हा ती देणाऱ्याला बारा हजारांना पडलेली नसते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. फोनमधील चिप एकाच लहानशा आवरणात बसवावी लागते. अधिक क्षमतेसाठी थर वाढतात, जुळणी अवघड होते. प्रत्येक रंगाच्या तीन-तीन क्षमता ठेवायच्या म्हणजे गोदामात नगांची संख्या वाढते आणि त्यातले काही पडून राहतात. शिवाय २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने मेमरीच्या किमती जगभर चढल्या. हे सारे खरे आहे. पण एसएसडीचा २०२३ चा भाव दुप्पट धरला, तरी जीबीमागे दहा रुपये होतात. आयफोन १७ मध्ये २५६ वरून ५१२ जीबीवर जाताना २०,००० रुपये, म्हणजे पुन्हा ७८ रुपयेच जीबीमागे पडतात. उरलेल्या फरकाला उत्पादनखर्चाचे नाव देता येत नाही.

मग तो फरक कशाचा? याचे उत्तर ठाणे स्थानकाच्या फलाटावर मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी आली. त्याच्या चार वर्षे आधी, १८४९ मध्ये, ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच अभियंत्याने रेल्वेच्या वर्गवारीवर एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसते, ते छपराच्या खर्चामुळे नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासी तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून छप्पर घातलेले नसते, असा त्याचा निष्कर्ष होता. गरिबाला छळण्याचा हेतू नसतो. ऐपतदाराला घाबरवायचे असते आणि त्या घाबरवण्यात गरीब भिजतो.

लोकलचा प्रथम वर्ग आजही याच तत्त्वावर चालतो. कल्याणहून सुटणाऱ्या गाडीचे सगळे डबे एकाच वेळी मुंबईत पोहोचतात. प्रथम वर्गाच्या गादीसाठी रेल्वेला फारसा जादा खर्च येत नाही. प्रवासी भाड्याची कितीतरी पट रक्कम देतो ती दुसऱ्या वर्गातील चेंगराचेंगरी टाळण्यासाठी. मोबाईल कंपन्यांनीही असेच डबे जोडले आहेत. आयफोन ६ मध्ये १६, ६४ आणि १२८ जीबी असे पर्याय होते. मधला, बहुसंख्यांना पुरेसा ठरला असता असा ३२ जीबीचा पर्यायच ठेवला नव्हता. १६ जीबी अपुरे पडणार हे दिसत असल्याने अनेकांनी नऊ हजार अधिक मोजले. २०२१ च्या आयफोन १३ प्रोमध्ये व्यावसायिक दर्जाचे ‘प्रोरेस’ चित्रण चार-के प्रतीत करण्याची सोय होती, पण १२८ जीबीच्या फोनमध्ये ती कमी प्रतीपुरतीच दिली गेली. असे चित्रण मिनिटाला सुमारे सहा जीबी खाते, तेव्हा या मर्यादेला तांत्रिक कारण होते हे मान्य. छप्पर मात्र उडालेच.

हे छप्पर ग्राहकाला स्वतः घालता येत असे, तोवर कंपन्यांचे फारसे चालत नव्हते. मेमरी कार्डाची खाच हीच ती सोय. हजार रुपयांच्या आसपास १२८ जीबीचे कार्ड आणायचे, खाचेत सरकवायचे, काम झाले. आयफोनमध्ये ही खाच कधीच नव्हती. सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस ६ मधून ती काढली, पुढच्याच वर्षी परत आणली आणि २०२१ च्या एस २१ पासून या मालिकेतून तिला निरोप दिला. कार्ड संथ असते, बिघडते, बनावट निघते, ही कारणे खोटी नाहीत. क्षमतेचा खोटा आकडा छापलेली कार्डे रस्त्यावर विकली जातात, हे अनेकांनी पैसे घालवून शिकलेले आहे. पण पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्ये चालणारी खाच लाखाच्या फोनमध्ये का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. खाच गेल्यामुळे निर्णय कायमचा झाला. शर्ट घेताना चूक झाली तर शिंप्याकडून उसवून घेता येतो. फोनची साठवणक्षमता विकत घेतल्या दिवशीच गोठते. ग्राहक जीबीसाठी पैसे देतो असे दिसते, प्रत्यक्षात तो तीन वर्षांनी जागा संपली तर काय, या धास्तीचे पैसे भरत असतो.

या किमतीविरुद्ध दाद कोठे मागता येईल? कोठेही नाही. फोनच्या किमतीवर सरकारी नियंत्रण नाही. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा अधिक रक्कम घेतली वा फोन सदोष निघाला, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण छापलेली किंमतच अवाजवी आहे ही तक्रार तेथे टिकत नाही. वाजवी भावाचा आग्रह या भागाला नवा नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या सामूहिक खरेदीत ठाणे-डोंबिवलीतील कुटुंबे वर्षानुवर्षे सहभागी आहेत. तूरडाळ, गहू, साबण एकत्र घेतले की भाव उतरतो, हा त्यांचा अनुभव. मात्र डाळ विकणारे अनेक असतात. विशिष्ट फोनमध्ये चिप बसवणारा एकच.

जागा कमी पडली की दुसरा दरवाजा उघडतो तो ‘क्लाउड’चा. अ‍ॅपल २०११ पासून प्रत्येकाला पाच जीबी जागा मोफत देते, त्यात आजवर एका जीबीची भर पडलेली नाही. पुढे ५० जीबीसाठी महिना ७५ रुपये, २०० जीबीसाठी २१९ रुपये असे दर आहेत. गूगलने छायाचित्रांची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. महिना २१९ रुपये ही रक्कम किरकोळ वाटते, पण पाच वर्षांत तिचे १३,१४० रुपये होतात. अ‍ॅपलचा सेवांवरील ढोबळ नफा २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ७४ टक्के होता, वस्तूंवरील नफ्याच्या दुप्पट. ही भाडेपट्टी त्याच खात्यात जमा होते. फोनमध्ये जागा कमी ठेवणे कंपनीला दोन्ही बाजूंनी सोयीचे पडते.

ठाणे-कल्याण पट्ट्यातील ग्राहकाला मात्र या हिशेबात एक स्थानिक बाब धरावी लागते. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतच्या खांबावरून काठीचा फटका मारायचा आणि पडलेला फोन घेऊन पळायचे, हा चोरीचा प्रकार या मार्गावर जुना आहे. त्यात प्रवाशांनी हातपाय आणि प्राणही गमावले आहेत. मे २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या ‘सीईआयआर’ व्यवस्थेद्वारे चोरीला गेलेला फोन निकामी करता येतो, क्वचित परतही मिळतो. छायाचित्रे परत मिळण्याची हमी तीत नाही. पाचशे बारा जीबीचा फोन घेऊन त्यात मुलीच्या जन्मापासूनचे सारे चित्रण एकाच जागी ठेवणाऱ्या कुटुंबाचे सर्वस्व त्या एका फटक्यात जाते. मोठी साठवणक्षमता म्हणजे सुरक्षित साठवण नव्हे. महिन्यातून एकदा सारे संगणकावर किंवा दोन-चार हजारांच्या बाह्य ड्राइव्हवर उतरवणाऱ्याला निम्म्या जीबीचा फोनही पुरतो आणि त्याच्या आठवणी फोनपेक्षा जास्त टिकतात.

दुकानात हे कोणी सांगत नाही, कारण तेथे बोलणे हप्त्यांचे चालते. वीस हजारांची पायरी चोवीस महिन्यांत विभागली की महिना ८३३ रुपये होते आणि ‘दिवसाचा एक-दीड वडापाव’ म्हणून ती ग्राहकाच्या गळी उतरते. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाबद्दल रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कोठेतरी दडलेले असते. बहुधा ते रोखीने घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत असते आणि हप्तेवाल्याला ती सवलत गमवावी लागते. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवर १८ टक्के कर वेगळा. पायरी जितकी उंच, तितके हे सारे वाढते. आणि जुना फोन विकायला काढला की तिची किंमत सर्वांत आधी घसरते. दुसऱ्या हाताचा ग्राहक मॉडेल व बॅटरी पाहतो, अधिकच्या जीबीला तो मूळ फरकाइतके पैसे देत नाही.

असे असूनही पायरी चढणे काहींच्या बाबतीत शहाणपणाचे ठरते, हे इथले अवघड वळण आहे. सात वर्षे वापरायच्या ठरवलेल्या फोनमध्ये सातव्या वर्षीची गरज आजच घ्यावी लागते. अ‍ॅपलच्याच आकड्यांनुसार साध्या एचडी प्रतीत एका मिनिटाचे चित्रण सुमारे ६० एमबी जागा घेते, चार-के प्रतीत १७० एमबी. दोन तासांची मुंज साध्या प्रतीत सात जीबीत मावते, चार-केमध्ये वीस जीबी लागतात. ज्याच्या घरात वर्षाला चार-सहा कार्ये आणि हाताशी संगणक नाही, त्याला अधिक क्षमतेची गरज आहे. ज्याचा फोन सोसायटीच्या ग्रुपवरील ‘सुप्रभात’च्या फुलांनी भरला आहे, त्याला फक्त साफसफाईची. दोघांनाही दुकानात शिरण्यापूर्वी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोअरेज’चे पान उघडता येते. तीन वर्षांत किती जीबी खर्ची पडले, ते तेथे लिहिलेले असते. त्याला तीनने भागून नव्या फोनच्या आयुष्याच्या वर्षांनी गुणले की दोनशे छप्पन की पाचशे बारा, हे विक्रेत्याने विचारण्याआधीच ठरलेले असते.